हार्लनकाकांची एकवीस वेळा उडालेली पुंगळी

मी एक जुनी पितळी पुंगळी आहे, मित्रांनो, रायफलच्या काडतुसाची. माझी कहाणी तुम्हाला खरी वाटणार नाही. बंदुकीची दारू तोलणाऱ्या शेजारच्या तराजूलाही वाटत नाही. पण त्याचा स्वभावच मुळी तोलूनमापून.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी सोन्यासारखी लखलखत होते. मोंटानातल्या हार्लनकाकांनी मला विकत घेतले. इतरांच्या पुंगळ्या एकदा उडाल्या की बर्फातच राहतात. काका मात्र गुडघे टेकून मला शोधत आणि खिशात घालत. घरी आणून घासत, साच्यात दाबून माझा बांधा नीट करत. मग बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, पोटात मोजलेली बंदुकीची दारू, तोंडाशी गोळी, की मी पुन्हा तरुण! अशी मी एकवीस वेळा उडाले. एकदा तर एल्क सांबराच्या शिंगात अडकून डोंगरापलीकडे गेले आणि पुढच्या मोसमात त्याच्याच डोक्यावर बसून परत आले. तराजू खोकला. खोकू दे.

पुढे काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. कॉफीच्या डब्यात मी पाच वर्षे काळवंडत पडले. झाकण वाजले की वाटे, आले कोणीतरी. कोणी येत नसे.

यंदा त्यांची पुतणी मार्लिस काडतुसे भरायला शिकू लागली. शनिवारी शिकारीचा मोसम उघडणार होता. घरातले हिवाळ्याचे मांस तिच्या नेमावर होते. आधी सराव हवा, म्हणून काकांनी दारूचे हलके माप ठरवून दिले. माझ्या पोटात तशी दोन मापे सहज मावत, पण दोनांनी बंदूकच फुटायची.

"रिकामी पुंगळी पालथी, भरलेली उताणी," काका म्हणाले. "आणि तोंड बंद."

"माझं की पुंगळीचं?"

"दोघींचं!"

मार्लिस भरता भरता माझ्यापाशी आली. तिने मला उताणी करून माप हाती घेतले, त्याच गडबडीत अंगणातून शेजारच्या वेंडेलने हाक मारली, "मार्लिस, बाहेर ये गं! हकलबेरीचा मुरंबा आणलाय. का म्हाताऱ्यानं कोंडून घातलंय तुला?"

ती गेली, हसली, बोटे चाटत परत आली. हात पुसून तिने माप भरले, माझ्यावर धरले आणि थबकली. माझा गळा अरुंद, आत अंधार.

"काका, हिच्यात दारू घातली होती का हो? वाटतं, नव्हती घातली."

काकांनी आपले अर्धे बोट पुढे केले. "उरलेलं अर्धं या 'वाटतं'नंच नेलं, पोरी. तू तर बंदुकीला गाल लावून बसणार."

माप माझ्या तोंडावर तसेच. मित्रांनो, तिचा डोळा जाणार की राहणार, सगळे माझ्यावर आले! मी श्वास कोंडला, फळीवरून टुणकन उडी मारली, टेबलावर कोलांटी घेतली आणि पोटातले सारे...

"बास!" तराजू कडाडला. "पुंगळीला कधी पाय फुटले गं? मार्लिसनंच उचलून पालथं केलं तुला. तुला एकटीलाच नाही, फळीवरच्या सगळ्या जणी रिकाम्या केल्या आणि पहिल्यापासून भरायला बसली. वेंडेल बाहेर मुरंब्याची बरणी घेऊन ताटकळला. आणि तुझ्या पोटातलं माझ्या पारड्यात पडलं, तेव्हा पुरं माप भरलं. वरून आणखी एक ओतलं असतं, तर थापा मारायला तू नसतीस, आणि खोकायला मला कारण नसतं!"