माझ्या हनुवटीचे दात

मी एक किडा बोलतोय. डास म्हणालात, तर बोलणं इथंच थांबेल. दिसतो तसाच, पण आजवर कुणाला चावलेलो नाही. चावायला मला आता धड तोंडच नाही.

पोशेरा गावात धोंडीबाईच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत मी अळी होऊन जन्मलो. तळच्या गाळात लाळेनं चिकटवून मातीची नळी बांधली आणि आत राहिलो. डासांची पोरं वर पाण्याला लटकून वळवळायची. मी लालभडक, तळाशी, घरंदाज.

एकदा टाकी धुताना धोंडीबाई किंचाळली, "नीता, टाकीत रक्ताचा किडा!"

नीता तिची सून, जव्हारच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी. मला बघून ती इतकी खूश झाली की मला वाटलं, आता हार घालते. "चावत नाय हा, आई. मला हाच हवा होता. सोमवारी सरांना याचं शास्त्रीय नाव सांगायचंय."

तिचे परीक्षेचे गुण त्या नावावर होते. मलाही उत्सुकता वाटली.

"मग घे की शोधून," धोंडीबाई म्हणाली.

"सोपं नाय ते. मुंडकं कापायचं, कॉस्टिकमध्ये उकळायचं, मग मायक्रोस्कोपखाली हनुवटीचे दात मोजायचे."

मी पाण्यातच होतो, म्हणून अब्रू वाचली.

धोंडीबाईनं कमरेवर हात ठेवले. "तुला बघाया आलो तवा आमी पण नाव विचारलं. मुंडकं मागितलं व्हतं का?"

नीता हसली, पण विचारात पडली. कात टाकली की डोक्याचं टरफल मागे राहतं. दात त्यावरही मोजता येतात. फक्त थांबावं लागणार होतं. मग फडकं बांधलेल्या बरणीतून मी चुलीजवळच्या फळीवर गेलो. सून औषधासारखा चिमूटभर गाळ घालायची आणि सासू चोरून नागलीच्या भाकरीचा चुरा. "परक्या घरात लाजतंय ते," म्हणायची. मी चांगलाच सुटलो. माणसं एकदा खायला घालू लागली की समोरच्याचं पोट बघत नाहीत.

रविवारपर्यंत कात टाकून, कोशातून निघून मला पंख फुटले. नीतानं कॉलेजातून मागून आणलेल्या मायक्रोस्कोपखाली मागे राहिलेल्या टरफलावरचे माझे दात मोजले आणि अर्धं नाव सापडलं, घराण्याचं. उरलेल्या अर्ध्यासाठी आता मलाच स्पिरिटमध्ये बुडवून शेपटीचं टोक तपासायचं होतं. ती बाटली आणायला आत गेली.

धोंडीबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि बरणीचं फडकं सोडलं.

"आई! किडा कुठाय?"

"वारा आला," धोंडीबाई म्हणाली. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं.

नीतानं दारातून झाडाकडे पाहिलं. मग तिनं बाटली फळीवर ठेवली. "सरांना सांगते, अर्धंच सापडलं."

तिचे गुण जाणार, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता टाकीच्या कठड्यावर बसलोय. हाती दोन-तीन दिवस आहेत. संध्याकाळी इथं आमचा थवा नाचतो, मुली बघायला येतात. तेवढं टाळी वाजवून आम्हाला चिरडू नका. अर्ध्या नावाच्या नवऱ्याला कुणी होकार देतं का, ते मला बघायचंय.