भुईचाफ्याचं पथ्य

शांतारामने पिकअप उलटी घेत घेत फाटकाला आणून लावली, मागचा फाळका पाडला आणि लॉनकडे बघत म्हणाला, "यूनुसभाय, हे गवत आहे की पेंढा?"

"थंडीत असंच होतं ते," यूनुस म्हणाले. "मेलेलं नाय. खाली बघ, हिरवं आहे."

"मेलं कुठं म्हटलं मी? म्हैस बांधा म्हणतोय."

यूनुस हसले. दारात उभ्या असलेल्या अमरीनला बाबांचं हसणं आल्यापासून पहिल्यांदाच दिसलं. ते आलं तसं लगेच गेलंही. पिकअपमधून शेळ्यांच्या लेंडीखताचा उग्र वास येत होता. शांताराम रुस्ताकला एसी दुरुस्तीचं काम करायचा, आणि तिथल्या कुणा बागवाल्याकडून दर फेब्रुवारीत हे खत घेऊन अल खौदला यायचा. दाभोळच्या खाडीपल्याड, धोपाव्याचा माणूस. त्यामुळे यूनुसभाय आणि तो मस्कतमध्ये भेटले तेव्हापासून दोघांनीही एकमेकांच्या काठाला नावं ठेवायचं सोडलं नव्हतं. खत मात्र तो रहिमाभाभींसाठी आणायचा. यंदा भाभी नव्हत्या. यंदाही त्याने आणलं.

अमरीनची मा, रहिमा, नोव्हेंबरात गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या. पुण्याला कॉलेजात शिकवणाऱ्या अमरीनचा व्हिसा येईतो दोन दिवस गेले, आणि आपल्याकडे मय्यत ठेवत नाहीत. तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजनंतर तिला अमरातच्या कब्रस्तानात नेलं. अमरीन पोचली तेव्हा घरात उदबत्तीचा वास तेवढा होता. बायकांनी कब्रस्तानात जायचं नाही, म्हणून नंतर एकदा बाबांनी तिला गाडीतूनच रस्त्यावरून दाखवलं. उघडा डोंगर, त्याच्या पायथ्याशी ओळीने लावलेले दगड. त्यातला कुठला, ते त्यांनी बोट करून सांगितलं. तिला कळलं नाही, तरी तिने मान हलवली.

आता ती पुन्हा आली होती ती बाबांची आवराआवर करायला. वादी कबीरच्या हार्डवेअरच्या गोदामातली त्यांची नोकरी संपली होती. एप्रिलअखेर व्हिसाही संपणार होता. मग दाभोळ.

"घर सोडायचं नि लॉन सजवायचं," कुलसुमखाला कुंपणाच्या भिंतीवरून म्हणाली. शेजारच्या घरातली ही राजिवड्याची बाई. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण रहिमाच्या आजारपणात दोन महिने डबा तिनेच पोचवला होता. "अगो अमरीन, मालक इथं इंटरलॉकच्या लाद्या घालणार आहे. गाड्या लावायला. माझ्या घरवाल्याला सांगितलंय त्याने. आणि तुझा बाप खत घालतोय!"

"ठाऊक आहे त्यांना, खाला."

"ठाऊक असून?"

"मा दर वर्षी करायची. म्हणून."

खालाने ओढणी सावरली. "करायची खरी. रहिमा म्हणायची, इथला वसंत म्हणजे उभ्या उभ्या चहा पिऊन जाणारा पाहुणा. पण पाहुणा यायचाय तर अंगण झाडलेलं हवं." ती भिंतीवरून आणखी पुढे वाकली. "ते सगळं ठीक. पण बाय, त्याला जरा समजाव. रोज सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभा असतो. नमाज चुकेल, पण पाणी चुकायचं नाही. हिवाळ्यात एवढं पाणी कोण घालतो?"

अमरीनने तेव्हा लॉनचाच विचार केला. गवताला एवढं पाणी फार होईल, पण त्याने बिघडत काही नाही.

मग ती मागच्या कोपऱ्यात गेली.

लिंबाच्या झाडापलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात, वादीतून आणलेल्या गोल दगडांनी आखलेला हातभर वाफा होता. आत काहीच नव्हतं, नुसती माती. नवख्या माणसाला तो रिकामाच वाटला असता. पण त्या मातीखाली भुईचाफा होता. लग्न होऊन मस्कतला येताना रहिमाने दाभोळच्या माहेरच्या परड्यातले चार कंद साडीच्या घडीत लपवून आणले होते. दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला त्याची पानं वाळून जायची आणि वाफा उघडा पडायचा. मग मार्चच्या शेवटी कधीतरी, पान ना देठ, नुसत्या जमिनीतून फूल वर यायचं. पांढरं, आत जांभळं. दिवसभर टिकायचं, दुसऱ्या दिवशी दुसरं. अमरीन लहान असताना शाळेच्या बसमध्ये चढण्याआधी तिकडे धावत जाऊन बघून यायची. जमिनीतून कोणीतरी हात वर काढावा तसं वाटायचं तिला.

पानं वाळली की फूल येईतो त्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, हे त्याचं पथ्य. नळी लिंबाजवळ आली की मा ती वळवायची. "निजलाय तो. उठवू नको." गेल्या ऑक्टोबरात, शुक्रवारच्या फोनवर, तिचा आवाज अगदी बारीक झाला होता तेव्हाही ती हसून म्हणाली होती, "भुईचाफ्याला नि मला आता एकच पथ्य गो. पाणी बंद. तुझा बाप घोटभरसुद्धा देत नाही. पोलीस झालाय."

डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. शेवटी शेवटी तर बर्फाचा खडा चोखायला द्यायचे.

वाफ्यातली माती काळी होती. अमरीनने बोट टेकवलं, आणि ते न दाबता आत गेलं.

दाभोळला जाताना ती हे कंद नेणार होती. तेवढंच ती ठरवून आली होती. बाकी सामान बाबा म्हणतील तसं. अमरातचा डोंगर नेता येत नाही. दगड कुठला तेही तिला माहीत नव्हतं. पण हा वाफा तिला माहीत होता, तिथली माती तिने माच्या हाताखाली चाळली होती. यंदाचं फूल इथं बघायचं, मग कंद काढायचे, कोरड्या कागदात गुंडाळायचे आणि माच्या माहेरच्या परड्यात परत लावायचे. मनाशी तिने हे इतक्या वेळा म्हटलं होतं की ते झाल्यासारखंच वाटू लागलं होतं.

दुपारी जेवताना तिने विषय काढला. बाबांनी मुगाची खिचडी केली होती. ती त्यांना माच्या आजारपणात करायला शिकावी लागली होती, आणि अजून अळणीच व्हायची.

"बाबा, लिंबामागच्या वाफ्यातही पाणी घालता?"

"तिथं तर जास्त. सगळीकडे काहीतरी हिरवं आहे. तीच एक जागा सुकी दिसते."

"ती सुकीच ठेवायची असते. मा—"

"अमरीन." त्यांनी घास ताटात परत ठेवला. आवाज चढवला नाही. "पाणी देऊ नको, असं मला आता कुणी सांगायचं नाही. डॉक्टरने सांगितलं, मी ऐकलं. रात्री ती उशाकडचा पेला हाताने चाचपायची. पेला मी आधीच उचलून नेलेला असायचा." त्यांनी घास परत उचलून तोंडात टाकला. "मीठ कमी पडलं का गो?"

"नाही," अमरीन म्हणाली. "बरं झालंय."

दुसऱ्या दिवशी लॉनचं काम निघालं. शांतारामने मशीन जमिनीला टेकवून गवत पार मुळापर्यंत कापलं. मग तिघांनी लोखंडी दाताळ्यांनी खालचा मेलेला थर ओढून काढला. पिवळ्या केरसुणीसारखे गुंते निघत राहिले आणि खालून खरंच कुठं कुठं हिरवी टोकं दिसायला लागली. उरलेल्या जागी काट्याने भोकं पाडली, म्हणजे खत नि वाळू आत उतरेल. ऊन चढलं तशी शांतारामची बडबडही चढली.

"यूनुसभाय, तुमच्या काठाला असं गवत उगवतं का कधी? नाय. तुमच्याकडे नुसते मासे वाळत घालतात."

"तुमच्याकडे मासे पकडायला येत नाहीत, म्हणून आमचे वाळलेले घ्यायला होडीतून येता."

"ऐकलं का अमरीनताय? निवृत्त माणूस, पण तोंड ड्यूटीवर."

"शांताकाका, तुम्ही येणार ना दाभोळला? बाबा गेल्यावर?"

"येणार तर. सुट्टीत. इन्शाल्ला." आणि मग, हातातलं दाताळं खाली ठेवून, "इथं आता कुणाकडे खत न्यायचं?" असं म्हणाला.

वाळू कमी पडली. खारी जमीन असल्यामुळे इथे गोडी वाळू विकत आणून पसरावी लागते. "यल्ला, आणखी चार पोती टाकू, खलास," म्हणत शांताराम यूनुसना घेऊन पिकअपमधून निघाला. वाटेत दुपारची, जोहरची नमाज पढूनच येऊ, असं बाबा म्हणाले. गाडी वळणापलीकडे गेली. अमरीनने नळावर हात धुतले, आणि मग कोरडे न करताच माचं खुरपं घेऊन लिंबामागे गेली.

एक दगड बाजूला सरकवला. खुरपं तिने कडेने घातलं, कंदाला लागू नये म्हणून. मा असंच घालायची. माती चिखलासारखी वर आली. त्यात मुळं होती, तपकिरी, बुळबुळीत. बोटांनी धरताच त्यांची साल गळून हातात आली. तिने खुरपं ठेवून दिलं आणि हातानेच उकरायला घेतलं. पहिला कंद लागला तेव्हा क्षणभर तिला बरं वाटलं, कारण तो शाबूत दिसला. तिने उचलला तर अंगठा आत गेला. आत पाणी होतं. कापरासारखा, आल्यासारखा तो ओळखीचा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा, नासका.

तिने वाफा पुरता उकरला. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, भिंतीच्या पायापर्यंत. मधल्या वर्षांत चार कंदांचे कितीतरी झाले होते. एकमेकांत गुंतलेले, एका कुटुंबासारखे मातीत बसलेले. एकही कडक नव्हता. शेवटी भिंतीजवळ सुपारीएवढा एक तुकडा लागला, तो तिने नखाने तासून बघितला. आतही काळं.

ती टाचांवर बसून राहिली. भिंतीपलीकडे कुलसुमखालाच्या मिक्सरचा आवाज येत होता. अमरीनला राग आला होता, आणि तो जुना होता, हे तिला तिथं बसल्या बसल्या कळलं. दोन दिवस थांबला नाहीत तुम्ही. चेहरा बघायला दोन दिवस. आणि इथं, जिथं काही करायचंच नव्हतं, तिथं हात आवरला नाही. ती मनातल्या मनात ही वाक्यं नीट लावत होती. वर्गात एखादा धडा समजावून सांगावा तशी स्वच्छ, एकामागून एक. बाबा आले की ती त्यांना ही वाक्यं ऐकवणार होती. काळा कंद त्यांच्या तळहातावर ठेवणार होती.

मग तिला पेला आठवला. उशाकडे चाचपणारा हात, आणि अंधारात आधीच उचलून नेलेला पेला. पेला नेऊन बाबा कुठं उभे राहत असतील? स्वयंपाकघरात? त्यांना तहान लागत असेल का तेव्हा? ते प्यायले असतील का?

पिकअपचा आवाज आला.

अमरीनने सगळे कंद परत खड्ड्यात लोटले. माती ओढली, हाताने थापली, दगड जागच्या जागी ठेवला. पोती उतरत असताना ती नळावर हात घासत होती. नखांतला वास गेला नाही.

"मागे पण खत टाकायचं का, ताय?" शांतारामने विचारलं.

"नको. तिकडे मी बघते."

संध्याकाळपर्यंत लॉन पुरं झालं. गवत कुठं दिसत नव्हतं; खत आणि वाळूने झाकलेली सगळी जमीन पिवळी, सपाट. आठ-दहा दिवसांत वर येईल, शांताराम म्हणाला, आणि चहा पिऊन उभ्या उभ्याच निघाला. फाटकाशी थांबून त्याने एकदा मागे वळून बघितलं.

मगरीबची अजान झाली, नमाज झाली. यूनुस पाइप घेऊन बाहेर आले. टोपी अजून डोक्यावरच होती. त्यांनी लॉनला भरपूर पाणी दिलं, बोगनवेलीला दिलं, कढीपत्त्याला दिलं, सबजाच्या कुंडीला दिलं. मग पाइप ओढत लिंबाकडे गेले. अमरीन पायरीवर बसून होती, ती उठून मागोमाग गेली.

ते वाफ्याशी थांबले. माती हललेली त्यांना दिसली की नाही, तिला कळलं नाही. उजेड कमी होता.

"मार्चच्या शेवटी येतं ना फूल?"

"मार्चच्या शेवटी."

"म्हणजे आपण असू."

"असू, बाबा."

"तू काल जेवताना काय सांगत होतीस? इथं सुकं ठेवायचं का असं काही?" ते तिच्याकडे बघत नव्हते. "मला त्यातलं समजत नाही. ती कधी मला हात लावू द्यायची नाही इकडे. तू सांग. बंद करू म्हणालीस तर बंद करतो."

पाइपच्या तोंडाशी त्यांनी अंगठा दाबून धरला होता. पाणी आत अडून राहिलं होतं.

अमरीनने ओळीने लावलेली सगळी वाक्यं आठवून बघितली. ती होती तशीच होती, एकही चुकीचं नव्हतं.

"घाला," ती म्हणाली. "आता चालेल."

यूनुसनी अंगठा काढला. पाणी दगडांच्या आत पडू लागलं. मातीने ते काही वेळ घेतलं, मग घेईना. ते वर साचलं आणि दगडांच्या फटीतून बाहेर यायला लागलं. ते तसेच उभे राहिले. मागे लिंबाच्या बुंध्याला पाइपची घडी पडून धार बारीक झाली, तेव्हा अमरीन वाकली आणि तिने ती घडी सोडवून दिली.