असोद्याचे बरे झालेले

असोद्याचे रतिलाल आबा मुतखड्यावर केळीच्या खांबाचा रस देत. दर रविवारी, आणि तोही फुकट. गुण कितीजणांना आला म्हणता? आबांचं गणित सोपं होतं. रस घेऊन गेलेला परत येत नाही, म्हणजे बरा झाला! असे बरे झालेले गल्लोगल्ली होते. डॉक्टर लोकांचं नाव काढलं की आबांचं टाळकं सटकायचं. उगीच चिरफाड करतात मेले, असं ते ओट्यावर बसून ठासून सांगत.

आणि त्याच आबांच्या कुशीत एक दिवस अशी कळ उठली की माणूस गडबडा लोळला. घरचाच रस होता, तांब्या तांब्या प्यायले, कळ काही हटेना. बायको बेबाबाई म्हणाली, पुरे झालं आता, दवाखान्यात चला. पण जवळच्या जळगावात पावलोपावली गावचं माणूस भेटणार. कोणी पाहिलं तर जन्मभराची अब्रू मातीत! म्हणून लग्नाला जातो असं सांगून दोघांनी धुळ्याची एसटी धरली.

तिथल्या डॉक्टरला जुन्या वस्तूंचा भारी नाद. पेशंट बसतात तिथेच काचेचं कपाट. त्यात पूर्वी आत घालून खडा फोडायचे ते लोखंडी चिमटे, वाकड्या सळया, धातूच्या नळ्या. बघूनच आबांना घाम फुटला. खालच्या कप्प्यात जुन्या काळचे उपाय मांडलेले: कुळीथ, पाषाणभेद आणि केळीच्या खांबाचा वाळका तुकडा. आबांनी परवाच्या रविवारी दिलेलं औषध या बाबाने इतिहासजमा करून टाकलं होतं. आबा संतापले आणि जाब विचारायला उठले.

तेवढ्यात बाकावरच्या एकाने घाईघाईने पेपर तोंडासमोर धरला. पण उशीर झाला होता. तो लीलाधर होता, आबांच्याच गल्लीतला, बरे झालेल्यांतला पहिला मानकरी. त्याच्या शेजारी रुमालाआड तोताराम. पलीकडे पदर ओढून तानुबाई. सगळे बरे झालेले ओळीने बसले होते.

लीलाधरने मान खाली घातली. "आबा, तुमाले वाईट वाटीन म्हनून जळगाव सोडून इतक्या लांब आलो."

आबांना रडावं की शिव्या घालाव्यात कळेना. रस गेला, नाव गेलं, आणि ही वेडी माणसं आपलं मन राखायला कळा सोसत धुळ्यापर्यंत आलेली. लीलाधरने सरकून जागा दिली, तसे आबा टेकले. मग कपाटाकडे एकदा बघून, बेबाबाईला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं,

"दुर्बीण घालतात म्हने. लय दुखते का रे?"