किवीच्या पिंजऱ्यावरचा पंचा

मित्रांनो, मी एक जुना पंचा आहे, आणि पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. मला पोपटांची किळस येते. सगळ्याच पोपटांची येईल की नाही हे सांगता येत नाही, कारण मी एकच पोपट जवळून पाहिला. पण तो एक मला जन्मभर पुरला आहे.

पंचा म्हणजे काय हेच तुमच्यातल्या अनेकांना माहीत नसेल. तुम्ही टर्किश टॉवेलने अंग पुसणारी मुलं. तो टॉवेल म्हणजे जाडजूड आणि आळशी. भिजला की दोन दिवस वाळत नाही आणि मग त्याला कुबट वास सुटतो. शी! मी तसा नाही. मी पातळ, सुती, पांढरा, काठाला बारीक लाल रेघ असलेला. पाणी लगेच टिपतो, लगेच वाळतो आणि कुणाच्या नाकाला त्रास देत नाही. माझा जन्म इचलकरंजीच्या मागावर झाला. पुण्याच्या एका दुकानातून निशिकांत आजोबांनी आम्हा सहा भावंडांचा गठ्ठा विकत घेतला. बाकीच्या पाचांचं काय झालं, कुणाचं पायपुसणं झालं, देव जाणे.

आजोबा शाळेत पी.टी.चे मास्तर होते. अंघोळ झाली की ते मला घट्ट पिळत आणि मग दोन टोकं धरून हवेत असा झटका देत की ‘फट्ट’ असा आवाज शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत जाई. आजी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “झाली वाटतं यांची अंघोळ. पोहे टाकते.” मित्रांनो, तो ‘फट्ट’ म्हणजे माझा आवाज होता. कपड्यांना आवाज नसतो म्हणतात, पण मला होता. माझी सगळी ऐट त्या एका आवाजात होती.

आजी वारल्यावर मुलाने, सुबोधने, आजोबांना आपल्याकडे सिंगापूरला नेलं. सुबोध तांजोंग पगारच्या एका बँकेत होता आणि सेरंगूनला नवव्या मजल्यावर राहायचा. बायको नीता आणि मुलगी गार्गी. आजोबांच्या बॅगेतून दोन धोतरं, औषधांचा डबा आणि मी, असे आम्ही तिथे उतरलो. सुरुवातीला माझं बरं चाललं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबू असायचा, त्यावर मी वाळायचो. एवढ्या उंचावरचा वारा मला पुण्यात कधी मिळाला नव्हता. पण वर्षभरात नीताने सासऱ्यांसाठी मोठे निळे टॉवेल आणले. आजोबांनी दोन दिवस नाक मुरडलं आणि तिसऱ्या दिवशी निमूटपणे टॉवेल घेतला. मी कपाटाच्या तळाशी गेलो.

आणि मग तो आला.

दोन हजार सहा साली गार्गीच्या नवव्या वाढदिवसाला जवळच्याच दुकानातून एक हिरवा पोपट घरी आला. गार्गीने त्याचं नाव किवी ठेवलं. दुकानदाराने सांगितलं होतं की रात्री पिंजऱ्यावर कापड घाला. नीताने कपाट उघडलं, मला ओढून काढलं आणि म्हणाली, “हा घ्या. सुती आहे, पातळ आहे. पक्षी गुदमरायचा नाही.”

ज्याने कधी तेलकट हात स्वतःला पुसू दिला नाही, तो मी पोपटाच्या पिंजऱ्यावर पडलो.

काय सांगू तुम्हाला! दारातून पाहिलं तर पोपट सुंदर दिसतो. रात्रभर त्याच्या अंगावर ओणवं राहून बघा. त्याच्या पिसांतून सतत पांढरा कोंडा झडतो, तो माझ्या विणीत बसायचा. पेरू खाताना तो अर्धा गिळायचा आणि अर्धा माझ्यावर उडवायचा. मिरचीच्या बिया मला चिकटून वाळायच्या. आणि त्याची घाण! गजांतून नेम धरून बाहेर. सगळ्यांत किळसवाणं म्हणजे, पिंजऱ्यात एक छोटा आरसा टांगला होता. किवी खाल्लेलं मानेला झटके देऊन परत वर काढायचा आणि आरशातल्या पोपटाला भरवायचा. गार्गी म्हणायची, “सो स्वीट!” मला भोवळ यायची.

पण खरा तमाशा सकाळचा. सात वाजता उजाडलं की आजोबा मला काढायला यायचे. त्या घरात आजोबांकडे एवढंच एक काम राहिलं होतं. नीताने कधी मला काढायला घेतलं तर ते म्हणत, “राहू दे, ते माझं काम आहे.” मग ते मला पिंजऱ्यावरून ओढायचे आणि खिडकीशी उभे राहून कोंडा झाडण्यासाठी, जुन्या सवयीने, दोन टोकं धरून, फट्ट! माझा आवाज मला परत मिळाला होता. दिवसभरात तेवढा एक क्षण मला मी पंचा असल्यासारखं वाटे.

त्याच क्षणी किवी किंचाळायला लागे. साधं ओरडणं नव्हे ते. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टिंबाएवढ्या होऊन पुन्हा मोठ्या होत, आणि पंख फाकून, शेपटी पसरून तो दारापाशी येऊन गजांवर चोच आपटायचा. मग गार्गी पाणी आणि भिजवलेली डाळ घेऊन यायची. तिची शाळा दुपारची होती, म्हणून हे काम तिचं. ती हात आत घालायची आणि तो तिच्या बोटावर तुटून पडायचा. तोच पोपट संध्याकाळी तिच्या खांद्यावर बसून शीळ घालायचा. मला वाटे, कृतघ्न आहे, दुसरं काय! नीता म्हणायची, “याला सकाळी भूत लागतं.” त्याला गप्प करायला ती गजांतून एक मिरची द्यायची. ओरडल्यावर मिरची मिळते हे त्याला न कळायला तो काही मूर्ख नव्हता. आवाज आणखी वाढला.

एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या मिसेस गोह दारात आल्या. त्यांचा नवरा रात्रपाळी करून सकाळी झोपायचा.

“युअर बर्ड एव्हरी मॉर्निंग शाउट, शाउट,” त्या म्हणाल्या. “माय हसबंड कॅनॉट स्लीप, यू नो? सहा महिने मी काहीच बोलले नाही,” असंही त्या इंग्रजीतच म्हणाल्या आणि ते खरं होतं. “नेक्स्ट टाइम आय हॅव टु कम्प्लेन लाह. सॉरी.” तिथली माणसं वाक्याला असं ‘लाह’ जोडतात.

सुबोधने त्यांची माफी मागितली. दार लावून तो वळला तेव्हा गार्गीच्या बोटाला ताजी पट्टी होती. ती त्याने पाहिली आणि ठरवून टाकलं. “शनिवारी माझ्या बँकेतला हेमचंद्र येईल. त्याच्या यिशुनच्या घरी देऊन टाकू. त्याच्या वर-खाली सध्या कोणी राहत नाही.”

“नो!” गार्गी ओरडली. “बाबा, प्लीज. किवी बॅड नाहीये.”

“मग सकाळी काय होतं त्याला? सांग मला. शनिवारपर्यंत कारण सांगितलंस तर ठेवतो.”

मला विलक्षण आनंद झाला, खोटं कशाला बोलू? सहाच दिवस, मग मला एकदा गरम पाण्यात घालतील आणि मी पुन्हा स्वच्छ होईन, असं मी मनाशी म्हणालो.

गार्गी मात्र कामाला लागली. तिला शाळेत विज्ञानाच्या बाईंनी शिकवलं होतं की कारण शोधायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. त्याला ती ‘फेअर टेस्ट’ म्हणायची. तिने वही केली. सोमवारी तिने खिडकी बंद ठेवली, म्हणजे बाहेरच्या साळुंक्यांचा गलका ऐकू येऊ नये. किवी किंचाळला. मंगळवारी आरसा काढला. किंचाळला. बुधवारी डाळ पहाटेच आत ठेवली, म्हणजे भूक नको. तरीही किंचाळला आणि या वेळी वाटीवरच पंख पसरून बसला. गुरुवारी ती स्वतः दुसऱ्या खोलीत लपली. तरी तेच.

शुक्रवारी ती पिंजऱ्याजवळ जमिनीवर बसून नुसती पाहत राहिली. मी पांघरलेलाच होतो. माझ्याखाली किवी जागा झाला होता. माझ्या पातळ अंगातून उजेड आत येत होता, आणि तो हळू आवाजात ‘चिक, चिक’ करत होता. घरातले बाकीचे जागे आहेत ना, एवढंच तो विचारत होता. थव्यातले पोपट सकाळी हेच करतात. मला हे रोज ऐकू येत होतं. पण मी लक्ष दिलं नव्हतं, कारण मला त्याची घाण वाटत होती.

आजोबा आले. त्यांनी मला ओढलं. फट्ट!

गार्गी पोपटाकडे पाहत होती. त्या आवाजासरशी किवी पिंजऱ्याच्या मागच्या गजांवर आदळला, एक पीस गळालं, आणि मगच तो पुढे येऊन किंचाळू लागला. तिने वहीत काहीतरी लिहिलं. मग ते खोडलं. तिचे डोळे भरून आले. कारण सापडलं होतं, पण ते आजोबांना सांगायचं कसं?

दुपारी शाळेत जाण्याआधी ती त्यांच्याजवळ गेली. “आजोबा, तुम्ही रागावू नका हं. प्रॉमिस?”

“आधी सांग तर खरं.”

“किवी अँग्री नाहीये. ही इज स्केअर्ड. तुम्ही पंचा असा करता ना, फट्ट, तेव्हा त्याला वाटतं मोठा पांढरा पक्षी त्याला खायला आला. मग माझा हात आत जातो. त्याला वाटतं तोपण खायला आला.”

आजोबांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. “चाळीस वर्षं पंचे झटकतोय मी. कुणी मेलं नाही त्याने! आता या घरात मी पंचाही झटकायचा नाही?”

गार्गी रडत शाळेत गेली. आजोबा दार ओढून आपल्या खोलीत गेले. आणि मी? मी त्यांच्याच बाजूचा होतो. माझा आवाज हिरावून घ्यायला निघाली ही पोर! एका घाणेरड्या पाखरासाठी!

शनिवारी सकाळी सात वाजता सगळे हॉलमध्ये होते. आठ वाजता हेमचंद्र यायचा होता. आजोबा आले, पिंजऱ्यासमोर उभे राहिले. त्यांचा हात माझ्या टोकावर पडला. मी झटक्याची वाट पाहत होतो. तो आलाच नाही. त्यांनी मला एका कोपऱ्यातून उचललं आणि थोडं थोडं मागे गुंडाळत नेलं, झोपलेल्या मुलाच्या अंगावरची चादर काढावी तसं. मधेच आतून ‘चिक, चिक’ आलं. आजोबांनी ओठ आवळून एक बारीकशी शीळ घातली. आतून पुन्हा ‘चिक’.

किवीने एक पंख आणि त्याच बाजूचा पाय लांब ताणला. जांभई दिली. डोकं तिरकं करून आजोबांकडे पाहिलं. किंचाळला नाही. गार्गीने हात आत न घालता वाटी दाराशी धरली, तो चालत आला आणि डाळ खाऊ लागला.

आजोबा खाली बसले. त्यांनी गार्गीचा हात धरला, पट्टी बांधलेलं बोट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “बाळ, हे सगळं माझ्यामुळे झालं होय गं?”

“इट्स ओके, आजोबा. तुम्हाला माहीत नव्हतं.”

सुबोधने खिशातून फोन काढला. “हेमचंद्र, अरे निघू नकोस. हो, ठेवतोय आम्ही.”

मित्रांनो, त्या वेळी आजोबांच्या हातात गुंडाळलेला मी होतो, आणि मला किळस आली ती माझी स्वतःची. सहा महिने मी एका जिवाच्या डोक्यावर बसून रोज सकाळी त्याला मरणाची भीती दाखवली, आणि वर त्यालाच कृतघ्न म्हणालो. माझी ऐट ती त्याची भीती. अंगावरची बाकी घाण धुतली की जाते. ही कशी धुवायची, मला माहीत नाही.

आता पिंजऱ्यावर जाड काळी चादर असते. तिच्यातून उजेड येत नाही, म्हणून किवी थोडा उशिरा उठतो आणि मिस्टर गोह झोपतात. सकाळी आजोबा ती सावकाश काढतात आणि शीळ घालतात. तेच त्यांचं काम आहे आणि ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. अजूनही किवी कधीतरी ओरडतो, पण ओरडल्यावर मिरची मिळत नाही. शांत बसला की मिळते.

मला नीताने मधोमध फाडलं आणि माझे दोन तुकडे केले. एक धुण्यात असला की दुसरा पिंजऱ्याच्या तळाशी असतो. वरून काय काय पडतं ते तुम्हाला सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल.

मुलांनो, तुमच्या घरात कुणी पाळलेलं पाखरू, मांजर किंवा कुत्रं रोज ठरावीक वेळी चवताळत असेल, तर त्याला वाईट ठरवायच्या आधी त्या वेळी तुम्ही काय करता ते नीट पाहा. त्याच्या घरात हात घालण्याआधी त्याला बाहेर येऊ द्या. त्याच्यावरचं पांघरूण हळू काढा. आणि पिंजरा रोज साफ करा, एवढी तरी माझी दया करा.

आता सकाळ झाली आहे. चादर सरकते आहे. वर त्याने शेपटी उचललेली मला दिसते. शी, शी, शी! पण मी जरासुद्धा हलणार नाही. तो घाबरेल.