पितळेचे सहा तुकडे

काल माझी किंमत पुन्हा वाढली. ज्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात मी काचेच्या कपाटात टांगलेली आहे, ते आपल्या पाहुण्यांना तसं सांगत होते. पाहुण्यांनी माना डोलावल्या, मोबाइलवर माझे फोटो काढले आणि चहा घेऊन निघून गेले. माझा आवाज कसा आहे, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार? माझ्या तारा ढिल्या करून ठेवल्या आहेत.

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. तुम्ही दुकानात बघता त्या नव्या, चकचकीत गिटारींची मी थोरली बहीण म्हणा ना. माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझं अंग एका भरीव लाकडातून कापलं, त्यावर मधासारखा रंग चढवला, मान बसवली आणि सहा तारा ओढल्या. या तारा जिथे टेकतात त्या जागेला घोडी म्हणतात. घोडीवर प्रत्येक तारेखाली एक, असे सहा छोटे पोलादी तुकडे होते. हे तुकडे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं.

बोटीवरच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या एका माणसाने मला भारतात आणलं आणि पुण्यात, कॅम्पातल्या एका दुकानात विकलं. तिथे आठ महिने मी काचेमागे उभी होते. तेव्हाही माझी किंमत काही थोडीथोडकी नव्हती. पण दर रविवारी खडकीहून एक माणूस सायकलवर यायचा, हात मागे बांधून माझ्यासमोर उभा राहायचा आणि परत जायचा. दुकानदार एकदा त्याला म्हणाला, "आपण बघूनच झिजवणार वाटतं हिला." त्यानंतर तीन रविवार तो आला नाही. चौथ्या रविवारी आला तो पैसे घेऊनच.

तो माणूस म्हणजे रंगराव सोनटक्के. मूळचा अकोल्याकडचा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लेथ मशीन चालवणारा. मला खांद्यावर अडकवून तो क्वार्टरमध्ये शिरला, तेव्हा त्याची बायको कौशल्या दारातच उभी होती.

"अहो, एवढ्या पैशात म्हैस आली असती," ती म्हणाली. "तिनं दूध तरी देल्लं असतं."

रंगराव तिथेच खाली बसला. त्याने मला मांडीवर घेतलं आणि हळूच एक तार छेडली. कौशल्याही मग दारातून हलली नाही. मला वाटतं, त्या दिवशी मी त्या घरची झाले.

पुढची वीस वर्षं मी मन लावून काम केलं. रंगरावची भीमगीतांची पार्टी होती. एप्रिल महिना आला की आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसे. आज खडकी, उद्या येरवडा, परवा दापोडी. मंडपात गर्दी मावत नसे. गाणाऱ्याने शेवटची ओळ उचलली की रंगराव माझी तार ताणून असा काही सूर काढायचा की पुढे बसलेल्या बाया टाळ्या विसरून नुसत्या बघत राहायच्या. लग्नं झाली, बारशी झाली. माझ्या अंगावर ओरखडे पडले, एका मंडपात खांब लागून कोपऱ्याचा टवका उडाला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. काम करणाऱ्याच्या अंगावर खुणा असायच्याच.

पण उन्हाळ्यातल्या घामाने माझे ते सहा पोलादी तुकडे गंजले. तारा तुटायला लागल्या. परदेशातून नवे तुकडे मागवायचे तर ते कधी येणार आणि कितीला पडणार, याचा नेम नव्हता. रंगराव होता लेथवरचा माणूस. केसाएवढा फरक बोटाला कळणारा. त्याची आई गोदाबाई नुकतीच वारली होती आणि तिचा खलबत्ता घरात होता. त्यातला भरीव पितळी बत्ता त्याने उचलला, एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये नेला आणि दोन रविवार खपून त्यातून सहा तुकडे घडवले. गंजलेले जुने तुकडे भंगारवाल्याला दिले.

"आता आलं कशानं कुटू? तुमच्या डोक्यानं?" कौशल्या कडाडली.

"हे ऐक आधी," रंगराव म्हणाला आणि त्याने मला वाजवलं.

मित्रांनो, मी माझ्या तोंडाने माझं कौतुक करू नये, पण पोलादावर माझा आवाज जरा टोचरा होता. पितळेवर तो भरदार झाला, गोल झाला. कौशल्याने ऐकलं आणि ती मुकाट्याने पाट्यावर आलं ठेचायला बसली. रंगराव मात्र डोळे पुसत म्हणाला, "माय बोलून राहिली यातून."

दिवस गेले. रंगराव निवृत्त झाला, क्वार्टर सोडावी लागली आणि आम्ही सगळे त्याच्या मुलाकडे, तेजसकडे, खराडीला राहायला आलो. तेजस आयटी कंपनीत नोकरीला. फ्लॅट अकराव्या मजल्यावर. तिथे मला नवी मैत्रीण मिळाली, तेजसची मुलगी अपेक्षा. शाळेतून आली की ती दप्तर फेकायची आणि आजोबांसमोर बसायची. "बोट सरळ नको माय, वाकव," रंगराव सांगायचा. तिची बोटं सोलून निघाली, पण तिने मला सोडलं नाही. येत्या एप्रिलला खडकीच्या मंचावर पहिलं गाणं अपेक्षा वाजवणार आणि आजोबा समोर खुर्चीत बसून ऐकणार, असं दोघांचं ठरलं. रंगरावचं हृदय तेव्हा थकलेलं होतं. बाकी कशाची त्याला आस उरली नव्हती, या एका गाण्याची होती.

अपेक्षाला तिची स्वतःची गिटार घ्यावी म्हणून तेजस एकदा दुकानात गेला. माझ्या जातीच्या नव्या गिटारीची किंमत ऐकून हात हलवत परत आला. सहा महिन्यांनी पुन्हा गेला, तर ती आणखी चढलेली. कुणी म्हणे डॉलरमुळे, कुणी म्हणे लाकडामुळे, कुणी म्हणे आयात करामुळे. कारण काहीही असो, लेकीचं बोट धरून बाप दुकानात शिरावा, अशी ती वस्तू राहिलीच नव्हती. मग तेजसने इंटरनेटवर जुन्या गिटारींचे भाव बघितले आणि त्याची नजर माझ्याकडे वळली. त्या नजरेने मला आधी कधी कुणी पाहिलं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी तेजसच्या बोलावण्यावरून सदाशिव पेठेतून अनिरुद्ध नावाचे जुन्या गिटारींचे जाणकार आले. त्यांनी पांढरे हातमोजे घातले, मला उलटसुलट केलं, भिंगातून पाहिलं.

"हे पितळ कुणी बसवलं?"

"मी," रंगराव म्हणाला. मित्रांनो, किती अभिमानाने म्हणाला तो!

"उत्तम," अनिरुद्ध म्हणाले. "ओरिजिनल असती तर हिचं सोनं झालं असतं. आपण स्वतःच्या हाताने तिची किंमत उतरवून ठेवलीत."

वाजवून बघावं, असं त्यांना वाटलं नाही. रंगराव खाली बघत राहिला. चाळीस वर्षं ज्या हातांच्या कामात कुणी खोट काढली नव्हती, ते हात त्याने मांडीखाली घेतले.

त्या दिवसापासून मी कपाटात गेले. "बाबा, ही आता इन्व्हेस्टमेंट आहे," तेजस म्हणाला. "अपेक्षाच्याच शिक्षणासाठी ठेवतोय ना! एक स्क्रॅच पडला तरी रेट खाली येतो." अपेक्षा रडली, रुसली, दोन दिवस जेवली नाही. रंगरावने एक शब्द टाकला असता तर तेजसने ऐकलं असतं, तो काही वाईट मुलगा नव्हे. पण रंगरावला वाटत होतं की आपणच नुकसान केलंय, आता कुठल्या तोंडाने बोलायचं?

तेजसने माझ्या काळचे सहा पोलादी तुकडे परदेशातून मागवले. ते बसवायचं काम रंगरावनेच केलं. त्याने आईच्या बत्त्याचे तुकडे एकेक करून काढले आणि पोलाद बसवलं. मग सवयीने एक तार छेडली. माझा आवाज पुन्हा टोचरा झाला होता. त्याला ते कळलं, मला ते कळलं. पितळेचे तुकडे त्याने शर्टाच्या खिशात टाकले आणि मला पेटीत ठेवून झाकण लावलं. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. पण आम्हाला कुणी वाजवल्याशिवाय आवाज फुटत नाही.

मार्चमध्ये रंगराव गेला. एप्रिलमध्ये खडकीला मंडप उभा राहिला, पहिलं गाणं दुसऱ्याच कुणीतरी वाजवलं. मी कपाटात होते.

जूनमध्ये चांगला भाव आला, तेजसने मला विकलं आणि न्यायला हे काचेच्या कपाटवाले गृहस्थ आले. पेटी बंद होणार, एवढ्यात अपेक्षा धावत आली. तिने मूठ उघडली. तळहातावर ते सहा तुकडे होते.

"हे पण घेऊन जा ना काका," ती म्हणाली. "हे हिचेच आहेत. आजीला आजोबांच्या खिशात सापडले."

"नको बेटा," गृहस्थ हसून म्हणाले, "हे ओरिजिनल नाहीत."

तेजसने एक तुकडा उचलला. बराच वेळ तो बोटांत फिरवत राहिला. त्याच्या बापाने घासून घासून त्याच्या कडा लोण्यासारख्या केल्या होत्या. पण व्यवहार ठरून गेला होता.

"आण इकडं," कौशल्या म्हणाली. तिने सगळे तुकडे पदरात बांधले. "माझ्या सासूचा बत्ता आहे तो. त्याले इथं कोणी गिऱ्हाईक नाही."

मग पेटीचं झाकण लागलं.

आता मी या काचेत आहे. इथे धूळ नाही, ऊन नाही, घाम नाही. माझी निगा फार चांगली राखतात. माझ्या अंगावर सगळं अस्सल आहे आणि मी गेले वर्षभर मुकी आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी हाताने सांधलेलं, घासलेलं, डागडुजी केलेलं काहीतरी असेल. ते कितीला जाईल, हे जरूर विचारा, त्याला माझी ना नाही. पण त्याआधी एकदा ते वापरा. ज्याने ते दुरुस्त केलं, त्याच्या समोर बसून वापरा. तो ऐकायला आहे तोवर. अपेक्षाचं ते गाणं तयार होतं, मला ते पाठ आहे. समोरची खुर्ची मात्र आता रिकामी आहे.