जादाचा नग

"नग माझाच हाय," अप्पा म्हणाले.

पापडाचा डबा छातीशी धरून मी पोलीस ठाण्याच्या दारातच थांबले. अप्पांची पाठ माझ्याकडे होती. खाकी शर्टावर शेडमधलं तेल तसंच होतं. हात पुसायलाही त्यांना वेळ दिला नव्हता.

टेबलापलीकडे फौजदारबाई बसल्या होत्या. समोर फाडलेलं कुरिअरचं खोकं, काळ्या पिस्तुलाचा वरचा अर्धा भाग आणि बोटाच्या पेराएवढी पितळेची नळी.

"ही नळी तुमच्या ड्रॉवरमध्ये मिळाली. ती तुमची, मान्य. आणि हे?" त्यांनी पेनाच्या टोकाने काळा भाग पुढे ढकलला.

"त्ये बी माझंच."

"मग नाव सांगा ह्या पार्टचं."

चौतीस वर्षं उद्यमनगरात लेथ चालवणारा माणूस समोरची वस्तू निरखत राहिला.

"झाकण," ते शेवटी म्हणाले.

दाराजवळचा हवालदार हसला. बाई हसल्या नाहीत.

ते झाकण नव्हतं, मागेपुढे सरकणारी स्लाइड होती. आणि ती माझी होती.

बी.एस्सी. झाल्यावर एकदा मी गॅसवर चालणारं खेळण्यातलं पिस्तूल आतून कसं असतं ते पाहिलं. चिमूटभर वायू आधी प्लॅस्टिकची गोळी पुढे फेकतो आणि उरलेल्या जोरावर स्लाइड मागे ढकलतो. एकाच श्वासात दोन कामं. हे हाताने जोडून बघायचंच, असं मला वाटलं. पाच महिने शिकवण्यांच्या पैशातून एकेक सुटा भाग मागवला. घराला दिवसा कुलूप असायचं, म्हणून पार्सलवर पत्ता शेडचा आणि नाव अप्पांचं: बसलिंगाप्पा. आतली गॅस पुढे नेणारी नळी तडकलेली आली, तेव्हा मापं काढून तशीच पितळेची करायला चित्र अप्पांना दिलं.

"कशाला?" असं अप्पांनी विचारलं नाही. त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. चित्र आलं की माप बघायचं, गिऱ्हाईकाचं काम काय ते गिऱ्हाईक जाणे, असा त्यांचा नियम. दुसरा नियम म्हणजे सांगितल्यापेक्षा एक नग जादा करायचा. पहिला हरवला, बिघडला, तर माणसानं पुन्हा हेलपाटा का घालावा? ते जादाचे नग त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून असायचे.

शेवटचं पार्सल कुरिअरवाल्यांनी उघडलं आणि पोलिसांना कळवलं. पोलीस शेडमध्ये आले, ड्रॉवर उपसला, आणि त्यातून माझ्या नळीचा जादाचा नग निघाला. शेजारच्या लेथवरच्या ज्ञानूकाकांनी मला फोन केला. "सुष्मे, पार्सलात पिस्तूल निघालंय म्हणं. तुझ्या अप्पाला न्हेलंय बघ."

उद्यमनगरात सगळ्यांना पाच वर्षांपूर्वीची गोष्ट माहीत होती. पलीकडच्या शेडमधल्या एका टर्नरने पंपाच्या समजून नळ्या केल्या होत्या. त्या गावठी कट्ट्याच्या निघाल्या. अकरा महिन्यांनी तो सुटून आला, पण नंतर त्याला कुणी कामावर ठेवलं नाही.

आधीची पार्सलं शेडमधून मीच नेली होती, त्यावरून अप्पांना कळलं होतं की हे मी मागवलंय. एवढंच कळलं होतं. आणखी एक त्यांना पक्कं ठाऊक होतं: सरकारी प्रयोगशाळेत माझी निवड झाली होती आणि माझ्या पोलीस पडताळणीचा कागद याच ठाण्यातल्या कुठल्यातरी कपाटात होता.

मी आत पाऊल टाकलं. डब्यातले भाग एकमेकांवर आपटून किणकिणले. त्या आवाजाने अप्पा वळले.

"तू कशाला आलीयास? घरला जा."

"मॅडम," मी म्हणाले, "हे सगळं माझं हाय. मी मागवलो."

"खोटं बोलतीया!" अप्पा उभे राहिले. "हिचा काय संबंध न्हाय. लिवा, माझं नाव लिवा."

"खाली बसा पावणं," हवालदार म्हणाला.

"डब्यात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"बाकीचं. हे खेळणं हाय, मॅडम. मी जोडून दाखवतो."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग हवालदाराला दार लावायला सांगितलं. कडीचा आवाज झाला आणि मला वाटलं, आता आपण इथून बाहेर पडत नाही.

घरी हे काम मी डोळे मिटून केलं असतं. डब्यातली पितळेची पहिली नळी जागेवर बसवली. स्प्रिंग लावताना ती निसटली, टेबलावरून उडाली आणि खुर्चीखाली गेली. हवालदार दोन पावलं मागे सरला. अप्पा वाकले, स्प्रिंग उचलली, सवयीने शर्टाला पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. आपण काय जोडायला मदत करतोय, हे त्यांना माहीत नव्हतं.

डब्यातल्या छोट्या नळकांड्यातून पिस्तुलाच्या मुठीत गॅस भरला. खोकं भिंतीशी ठेवलं. घोडा दाबायच्या आधी अप्पांनी डोळे मिटले.

टप्प.

पुठ्ठ्याला लागून पांढरी गोळी परत आली आणि बाईंच्या बुटापाशी थांबली. मी आणखी चारदा दाबलं. वायू पसरला की थंड होतो. पाचव्या वेळेला पिस्तूल हातात बर्फासारखं लागत होतं.

बाईंनी गोळी उचलली, दोन बोटांत दाबून पाहिली. "खेळणंच आहे," त्या म्हणाल्या. "पण रस्त्यात कुणी काढलं, तर समोरच्याला काय कळणार? मलाही कळलं नसतं. हे सगळं इथंच राहील. नाव सांग."

"मॅडम, तिचं नको," अप्पा म्हणाले. "पोरीची नोकरी हाय. माझं लिवा की."

"लिहावं लागतं, काका."

"सुष्मिता बसलिंगाप्पा," मी म्हणाले. त्यांनी लिहिलं. अप्पा त्या पेनाकडे बघत होते. पडताळणीचं काय होईल, हे विचारायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.

घरी येताना अप्पांनी मी आणलेली स्कूटर अर्ध्या वाटेत थांबवली.

"नळी बसली व्यवस्थित?"

"बसली."

"गळती?"

"न्हाय, अप्पा."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा किक मारली. दुसऱ्या दिवशी ते जेवणाचा डबा विसरून निघून गेले, म्हणून दुपारी मी तो घेऊन शेडमध्ये गेले. मोटारसायकलचा आवाज आला की अप्पांचा हात चालता चालता थांबत होता.

मुरगूडचं जुनं गिऱ्हाईक आलं. बुशचं, म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसणाऱ्या कड्याचं, चित्र त्याने पुढे केलं. "चार नग, अप्पा."

अप्पांनी कागद उजेडाला धरला. बराच वेळ धरला.

"कशाला पायजे?"

"आँ? तुमी कवापासनं विचारायला लागलासा?"

"सांगा की."

"च्यायला, बुश हाय, बाँब न्हाय!" तो हसला. कुणीच हसलं नाही, तेव्हा त्याने कागद हळूच मागे घेतला. "ऱ्हाऊ दे. ज्ञानूला देतो."

अप्पांनी लेथ बंद केला. ड्रॉवर ओढला आणि वर्तमानपत्रावर उपडा केला. चौतीस वर्षांचे जादाचे नग: पितळेचे, लोखंडाचे, काही गंजलेले. त्यांतला एकेक ते उचलून डोळ्यांजवळ नेऊ लागले.

"हे कशाचं असंल गं?" त्यांनी विचारलं.

मी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला.