ठकीची वाटी उंबरठ्याबाहेर

कुसुमताई तांदूळ निवडायला बसल्या की शेजारी कागदाचा एक तुकडा घेऊन बसत. तांदळात सापडलेला किडा चिमटीत मारायचा नाही. अलगद कागदावर घ्यायचा, तीन मजले उतरायचे आणि खाली चाफ्याच्या बुंध्याशी सोडून यायचं, असा त्यांचा नेम होता. सदाशिव पेठेतल्या त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि कुसुमताईंचे गुडघे कुरकुरायला लागून बरीच वर्षं झाली होती. शेजारपाजारचे हसायचे. हसोत बापडे, असं म्हणून त्या उतरायच्या.

वर्षातून एकदा इमारतीत झुरळं मारायची फवारणी व्हायची. त्या दिवशी मात्र कुसुमताई आणि त्यांचे यजमान अनंतराव सकाळीच किल्ली शेजारी देऊन कोथरूडला बहिणीकडे जेवायला जात. संध्याकाळी परत येईपर्यंत मोलकरणीनं घर झाडून-पुसून लख्ख केलेलं असे. तिनं किती सुपल्या भरून काय बाहेर टाकलं, हे दोघांनी तिला कधी विचारलं नाही. माणसानं सगळंच डोळ्यांनी बघायला हवं असं थोडंच आहे?

अनंतराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं आणि टोकदार. मागची एक खोली ते शिकणाऱ्या मुलींना भाड्यानं देत आणि त्यासाठी दारावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली होती: ‘फक्त शाकाहारी मुलींसाठी. अंडे हेही मांसाहारातच मोडते. वाद घालू नये.’ वाद कुणी घातला नव्हता. यवतमाळकडून स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्या रुपालीनंही पाटी वाचली, मान डोलावली आणि बॅग आत आणली.

त्या घरात चौथा जीव होता तो ठकीचा. ठकी म्हणजे करड्या पट्ट्यांची मांजरी. पिल्लू असताना पार्किंगमध्ये भिजून काकडत होती, ती कुसुमताईंनी पदरात घालून वर आणली. मूलबाळ नसलेल्या त्या घरात तिचे लाड किती झाले ते सांगायला नकोच. दूधभात, दहीभात, तूप लावलेली मऊ पोळी. एकदाच काय ते विपरीत घडलं. ठकीनं गॅलरीतून कबुतराचं पिल्लू धरून आणलं आणि थेट देवघरासमोर ठेवलं. कुसुमताई दुपारभर त्या पिल्लाच्या चोचीत पाण्याचे थेंब सोडत बसल्या, पण ते काही जगलं नाही. दुसऱ्याच दिवशी गॅलरीला जाळी लागली आणि ठकीचं बाहेर जाणं कायमचं बंद झालं.

“ह्या घरात राहायचं तर ह्या घराच्या रीतीनं राहायचं,” कुसुमताईंनी तिला मांडीवर घेऊन बजावलं होतं.

आणि ठकी राहिलीही! केस तुकतुकीत, डोळे पाणीदार, उडी मारली तर कपाटाच्या माथ्यावर. कुसुमताईंना याचा केवढा अभिमान! भजनी मंडळात त्या चारचौघींना सांगत, “आमची ठकी पूर्ण शाकाहारी आहे हो. मारणं ही नुसती सवय असते, मोडली की मोडते.” बायका कौतुकानं ऐकत आणि कुसुमताई चार दिवस त्या कौतुकावर काढत.

ते कौतुक एका दुपारी, दिवाळीच्या तोंडावर, धाडकन खाली आलं. रुपालीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. कुसुमताई तिला चकल्या द्यायला गेल्या, तर ही मुलगी जमिनीवर मांडी घालून बसलेली, हातात पत्र्याचा डबा, आणि ठकी तिच्या तळव्यातून सुके झिंगे खातेय. खाताना ठकीच्या घशातून जो समाधानाचा घरघराट येत होता, तो दूधभात खाताना कुसुमताईंनी कधी ऐकला नव्हता. तेच त्यांना जास्त लागलं.

“किती दिवस चाललंय हे?” अनंतरावांनी विचारलं.

“मी आल्यापासून,” रुपाली म्हणाली. “घरून आणलेले होते. काका, खोटं बोलून राहिले, ते चुकलं माझं. पण मांजर आहे न ते, काकू. त्याला काऊन उपास?”

“उपास कुणाला घडतोय ते आम्ही बघू. तू सामान आवर.”

ठकी बंद बॅगेवर बसून राहिली होती. कुसुमताईंनी तिला उचलून घेतलं, तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, आणि रुपाली जिना उतरेपर्यंत तिला घट्ट धरून ठेवलं.

पुढची दिवाळी आली तेव्हा ठकी कपाटावर चढेनाशी झाली होती. वय झालं असेल, असं कुसुमताईंनी मनाशी म्हटलं. मग ती टेबलाच्या पायावर आपटू लागली. तिच्या डोळ्यांतली काळी बाहुली भर उन्हातही मोठीच्या मोठी राही. हलवलेल्या खुर्चीला अडखळून ती मटकन बसे आणि धापा टाकी. एकच गोष्ट ती न चुकता करी. दुपारी भिंतीला अंग घासत घासत मागच्या खोलीपर्यंत जाई आणि रिकाम्या खोलीच्या दाराशी तोंड करून बसे. आपण पाहिलंच नाही असं करून कुसुमताई तिला तिथून उचलून आणत.

शेवटी त्या तिला पिशवीत घालून प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथला केदार नावाचा तरुण डॉक्टर बॅटरी मारून डोळे बघत होता, छातीला नळी लावून ऐकत होता.

“खायला काय देता?”

“दूधभात. दहीभात. पनीरसुद्धा देते.”

“आणि?”

“आणि काय?”

डॉक्टरनं नळी गळ्यात अडकवली. “काकू, माणूस भाजीभाकरीवर ठणठणीत जगतो. मांजर जगत नाही. मांसातला एक घटक तिला अन्नातूनच मिळावा लागतो. तो नाही मिळाला की आधी डोळे जातात, मग हृदय. डोळे आता परत यायचे नाहीत. हृदय अजून सावरेल. पावडर लिहून देतो, पण नुसत्या पावडरीवर भागणार नाही. मासे, चिकन, नाहीतर दुकानात मिळणारं मांजराचं खाणं द्या. त्यातही मासेच असतात, सांगून ठेवतो.” मग त्यानं सहज विचारलं, “आधी बरी होती म्हणता, तेव्हा कुणी काही देत होतं का?”

कुसुमताईंना रुपालीच्या हातातला पत्र्याचा डबा आठवला. आपण हिला मारत होतो, दुधात साखर घालून, मांडीवर घेऊन मारत होतो, हे त्यांना त्या टेबलापाशी कळलं.

घरी अनंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. ते काही दगड नव्हते. ठकी रोज त्यांच्याच पायाशी झोपायची. पण ते म्हणाले, “पुडीत बांधला म्हणून मासा काही भाजी होत नाही. एक जीव वाचवायला रोज दुसरे मारवायचे, हे कुठल्या दयेत बसतं ते तू मला सांग. मी ऐकतो.”

कुसुमताईंकडे फक्त ठकीच्या बरगड्यांची वरखाली होणारी हालचाल होती. दोन दिवस त्यांनी ती बघितली आणि मग रुपालीला फोन लावला. ती आता कसबा पेठेत एका खोलीत राहत होती, परीक्षेची तयारी अजून चालूच होती.

“म्हणजे ज्यासाठी काढलं,” सगळं ऐकल्यावर रुपाली म्हणाली, “त्याचसाठी बोलावता तुम्ही मला?”

“हो गं.”

“तुम्ही का नाही देत?”

“मला नाही जमायचं. हात लावणं नाही जमायचं.”

“बरं. घरात चालेल?”

“घरात नको. पॅसेजमध्ये. उंबरठ्याच्या बाहेर. काकांनी तेवढंच कबूल केलंय.”

“येते,” रुपाली म्हणाली. “तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी.”

ती रोज दुपारी चालत येऊ लागली. उकडलेल्या माशांचा डबा घेऊन ती पॅसेजमध्ये फरशीवर बसे. कुसुमताई ठकीला उचलून उंबरठ्याबाहेर ठेवत आणि स्वतः आत उभ्या राहत. पॅसेजच्या कठड्याचा एक गज कधीचा निखळला होता. तो कुणी बसवायचा, यावर सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत तावातावानं बोलणं होई आणि गज तसाच राही. रुपाली त्या फटीकडे पाठ करून बसायची, म्हणजे ठकीला आडोसा. घरातला कोपरा न् कोपरा पाठ असलेली ठकी बाहेर मात्र पाऊल टाकायला भ्यायची. फरशी हुंगत जागच्या जागी थरथरायची.

“आत दिलं तर निवांत खाईल ती, काकू.”

“तेवढं सोडून बोल.”

एकदा अनंतराव पूजेच्या पितांबरातच दाराशी आले. रुपालीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “काका, हे रेशीम किड्यांना विचारून काढतात का?”

“तोंड चांगलं चालतं तुझं,” अनंतराव म्हणाले. “परीक्षेतही चालव, म्हणजे पास होशील.” आणि आत गेले. पण त्या दिवसानंतर पूजेला ते सुती धोतर नेसू लागले. कुसुमताईंनी ते पाहिलं आणि पितांबर घडी घालून कपाटात ठेवून दिलं.

ठकी खरंच सुधारली. धाप कमी झाली, केसांवर तुकतुकी आली. एका सकाळी तर तिनं आंधळेपणीच अंदाज घेऊन अनंतरावांच्या आरामखुर्चीत उडी मारली, आणि अनंतराव पेपर बाजूला ठेवून चक्क हसले. जगतेय, आपली ठकी जगतेय, असं म्हणत कुसुमताईंनी देवापुढे साखर ठेवली.

मग रुपालीची परीक्षा आली. आदल्या दिवशी तिनं डबा कठड्याला पिशवीत अडकवून ठेवला, कारण घरातल्या फ्रिजमध्ये तो ठेवणं शक्यच नव्हतं. “उद्या एक दिवस तुम्ही द्या. चिमट्यानं द्या हवं तर. पण तिच्याजवळ बसा, काकू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसुमताईंनी ठकीला बाहेर ठेवलं. नाकाला पदर लावून, पोळीच्या चिमट्यानं, त्यांनी एक मासा वाटीत टाकला आणि झटकन उंबरठ्याच्या आत आल्या. बसायला काही त्या गेल्या नाहीत. ठकीनं वास घेतला, मासा तोंडात धरला, आणि तेवढ्यात तळमजल्यावर गॅसवाल्यानं रिकामी टाकी आदळली. जिनाभर तो आवाज घुमला.

ठकी उडाली. कुठे पळावं हे तिला न दिसताही माहीत होतं. जिथून कुसुमताईंचा वास येत होता, जिथे सगळं पाठ होतं, तिथेच ती आली, सरळ दाराकडे, तोंडातला मासा तसाच घट्ट धरून. कुसुमताईंना दिसला तो मासा. उंबरठा ओलांडून घरात येणारा, देवघराच्या दिशेनं येणारा मासा. त्यांनी विचार केला नाही. हातानं दार लोटलं.

ठकीचं डोकं दारावर आपटलं. ती गोंधळून मागे फिरली, दोन-चार पावलं भलतीकडेच धावली, आणि कठड्याच्या फटीत दिसेनाशी झाली. ओरडलीसुद्धा नाही.

कुसुमताई तीन मजले कशा उतरल्या ते त्यांना आठवत नाही. ठकी तळमजल्याच्या फरशीवर कुशीवर निजली होती. अंग गरम होतं. मासा अजून दातांत होता. गॅसवाला टाकीजवळ उभा राहून काहीतरी बोलत होता. कुसुमताईंनी तिला उचललं, पदरात घेतलं, पहिल्यांदा वर आणली होती तशी, आणि जिना चढून, उंबरठा ओलांडून घरात आल्या.

अनंतराव उठून उभे राहिले. “अगं, तिच्या तोंडात...”

“असू दे,” कुसुमताई म्हणाल्या.

त्यांनी ठकीला आरामखुर्चीत ठेवलं. मग तिचे दात हळूच सोडवून तो मासा आपल्या बोटांनी काढला. त्यांना वाटत आलं होतं की असं काही हाताला लागलं तर आपल्याला ओकारी येईल, घेरी येईल. काहीच झालं नाही. बोटभर लांबीचा, थंड, मऊ मासा होता. एवढ्याशासाठी! त्या तो हातात धरून खुर्चीपाशी बसून राहिल्या. अनंतरावांनी त्यांना हात धुवायला सांगितलं नाही.

संध्याकाळी परीक्षा संपवून रुपाली परस्पर इकडेच आली. पेपर चांगला गेला असावा. जिन्यात तिच्या पावलांना घाई होती. दार सताड उघडं होतं. ती सवयीनं उंबरठ्याबाहेरच थांबली आणि तिथूनच तिला खुर्ची दिसली.

“आत ये,” कुसुमताई म्हणाल्या.

रुपाली आत आली. ठकीच्या पाठीवर तिनं हात ठेवला आणि तो काढलाच नाही. “कशी पडली?”

“घाबरली बिचारी,” अनंतराव खालच्या आवाजात म्हणाले. “गॅसवाल्यानं टाकी आपटली.”

“नाही,” कुसुमताई म्हणाल्या. “ती घरात येत होती. तोंडात मासा होता, म्हणून मी दार लावलं.”